चर्चचा चॅटबॉट पंचकमिटीतून पास करून घेताना

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर एआय चॅटबॉट बसवायचा, ही सूचना तरुण संघाची. पाळकसाहेब तयार, पंचकमिटी अर्धी तयार, आणि सेक्रेटरी म्हणून सगळी हमाली माझ्याकडे. आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची. पाळकसाहेबांना आसपासच्या वस्त्यांवरही उपासना घ्याव्या लागतात, त्यामुळे फोन लागत नाही ही तक्रार जुनीच.

आधी लोक विचारतात काय, ते ऑफिसच्या वहीवरून काढलं. त्रिएकत्व, ख्रिस्ताचं दुसरं येणं वगैरे क्वचित. बाकी सगळे कागदांचे प्रश्न: पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याचा दाखला, नावातली दुरुस्ती, कबरस्तानात आईशेजारी जागा मिळेल का. ही उत्तरं बॉटला द्यावी लागतात, नाहीतर तो मनानं ठोकून देतो. चाचणीत त्यानं चर्चमधल्या लग्नासाठी विवाह अधिकाऱ्याला ३० दिवसांची नोटीस द्यायला सांगितली. ती तरतूद १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली. आमची लग्नं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतात. मग उत्तरं आम्हीच लिहून दिली, आणि यादीबाहेरचं आलं की ‘ऑफिसला विचारा’ एवढंच म्हणायचं, असं त्याला बांधून टाकलं.

तरुणांना मात्र याहून जास्त हवं होतं. प्रार्थना करणारा, वचन सांगून धीर देणारा बॉट, आणि नाव ‘पास्टर’. इथे घोडं अडलं. मी कमिटीपुढे अमेरिकेतल्या कॅथलिक आन्सर्स या संस्थेचं उदाहरण ठेवलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी ‘फादर जस्टिन’ नावाचा एआय धर्मगुरू आणला. तो लोकांना आपण खरेच धर्मगुरू आहोत, इटलीत असिसीला राहतो, असं सांगू लागला. बाळाचा बाप्तिस्मा गेटोरेड सरबतानं चालेल, असंही बोलला. काही दिवसांतच त्याचं ‘फादर’पण काढून घेऊन नुसता जस्टिन करावा लागला. कमिटी पोटभर हसली आणि ‘पास्टर’ नाव गेलं. प्रार्थनेचा मुद्दा राहिला.

तो मीटिंगमध्येच तपासला. मी टाइप केलं, ‘पप्पा आयसीयूत आहेत, डॉक्टर आशा नाही म्हणतात.’ लगेच उत्तर आलं. सहानुभूती, तेविसावं स्तोत्र, पाच सूचना आणि शेवटी प्रार्थना. प्रार्थना चांगली होती, आमच्या काही वडीलधाऱ्यांपेक्षा आटोपशीरच. पंचांपैकी एक निवृत्त नर्स आहेत, त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, मोबाइल परत दिला आणि विचारलं, “बरं, मग आता दवाखान्यात कोण निघालं?”

कोणीच नाही. घरच्यांना वाटणार चर्चला कळवलं, आणि पाळकसाहेबांना पत्ताच नाही. माझ्या मते बॉटचा खरा धोका हाच. चुकीचं वचन सांगितलं तर कुणीतरी दुरुस्त करेल; न पोहोचलेला निरोप कोण शोधणार? म्हणून नियम झाला: आजार, मृत्यू, घरातली भांडणं असं काही आलं की बॉटनं थांबायचं, पाळकसाहेबांचा आणि दोन पंचांचा नंबर द्यायचा आणि त्या तिघांनाही निरोप टाकायचा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर सोबत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही.

गुप्ततेवर काथ्याकूट झाला. बॉटवरचे संवाद अ‍ॅडमिनला दिसतात. अ‍ॅडमिन म्हणजे तरुण संघातला मुलगा, तोंडाचा घट्ट. पण आमच्यात प्रत्येक जण कुणाचा तरी व्याही नाहीतर मेहुणा. सुनेनं सासूबद्दल लिहिलेलं सासूच्या भाच्याच्या मोबाइलवर उघडायचं! माहिती परदेशातल्या सर्व्हरवर जाते याची काळजी कुणाला फारशी नव्हती, भाच्याची होती.

त्यावर संघातली एक मुलगी म्हणाली, “नात्यातलं नसतं म्हणूनच तर लोक यंत्राशी बोलतात. पाळकसाहेबांकडे जाताना कुणी ना कुणी बघतंच.” यात तथ्य होतं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या एका चर्चमध्ये २०२४ साली कन्फेशनच्या, म्हणजे पापकबुलीच्या, खोलीतच एआय येशू बसवला होता. खासगी माहिती सांगू नका अशी सूचना असूनही शेकडो लोक त्याच्याशी बोलून गेले. मुलीच्या म्हणण्याला उत्तर बॉटमध्ये सापडलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेब एकटेच ऑफिसात बसतील असं ठरलं. दाखल्याच्या निमित्तानं तिथे कुणीही येऊ शकतं.

ठराव बहुमतानं पास झाला, बॉटचं नाव ‘मंडळी ऑफिस’. रविवारच्या उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, एआयकडून लिहून घ्यावा का, हा विषय मी अजेंड्यावर घेतलाच नव्हता. पाळकसाहेबांनी स्वतः काढला, आणि सिस्टर काही बोलायच्या आत खजिनदारांनी तो वार्षिक सभेवर ढकलला.