डावीकडे नळी लागेना

नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारी दवाखान्यांत पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. बॅनर लागतात, आशाताईंमागे उद्दिष्टाचा लकडा लागतो, आणि एवढं करून दिवसाला एखादा पुरुष आला तरी आम्ही खूश. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईची नसबंदी झालेली जोडपी ३७.९ टक्के होती आणि पुरुषाची झालेली ०.३ टक्के. बाईचं पोट उघडावं लागतं, पुरुषाला तर टाकाही पडत नाही. तरी हे आकडे.

त्या दिवशी आले ते मार्केट यार्डातले हमाल. वय पस्तिशीच्या आत, मुलं दोन, दोन्ही वेळा बायकोचं सिझर. पुन्हा ऑपरेशन नको असं तिनं घरात ठणकावून सांगितलं होतं. आईला न कळवता हे दोघं आशाताईंबरोबर आले होते. गृहस्थांचा प्रश्न एकच होता.

"पोतं उचलता येईल ना, साहेब? कमजोरी तर येणार नाही?"

हा प्रश्न मला रोजचाच. मी केस पेपर उलटा करून चित्र काढतो. वृषण दोन कामं करतो. एक, पुरुषी संप्रेरक बनवणं. ते शिरांवाटे थेट रक्तात जातं, त्याचा नळीशी काही संबंध नाही. दुसरं, शुक्रजंतू बनवणं. ते आधी वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणात येतात. ही बारीक नळीच, पण इतकी वेटोळी की सरळ केली तर सहा मीटरच्या आसपास भरेल. तिथून पुढे शुक्रवाहिनी. ती जांघेतून वर पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागून वळून प्रोस्टेटमध्ये जाऊन मूत्रमार्गाला मिळते. आम्ही तोडतो ती ही नळी, तीसुद्धा कातडीच्या लगेच खाली असते तिथे. वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा असतो, शुक्रजंतूंचा वाटा अगदी किरकोळ. म्हणून नंतर ना जोर कमी होतो, ना वीर्य कमी झाल्याचं जाणवतं. त्यांनी चित्र नीट बघून घेतलं, बायकोकडे सरकवलं आणि म्हणाले, "चला मग."

तपासणीला घेतलं. शुक्रवाहिनी बोटांना लगेच कळते. जाड सुतळीसारखी टणक, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद, बाकीच्या मऊ शिरांमधून निसटणारी. तिची भिंत जवळजवळ सगळी स्नायूची आणि आतली पोकळी अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली, म्हणून ती अशी कडक लागते. उजवीकडे अंगठा आणि दोन बोटांत ती पहिल्याच झटक्यात सापडली. डावीकडे बोटं फिरवतोय, फिरवतोय, काहीच नाही.

थंडीची सकाळ होती. थंडीत वृषणकोशाची कातडी आकसते आणि वृषण वर ओढले जातात. शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी ठेवण्याची ती व्यवस्था आहे, थंडीत कोश अंगाशी येतो आणि उकाड्यात सैल पडतो. माणूस घाबरलेला असला तरी हेच होतं. म्हणून सिस्टरना हीटर लावायला सांगितला, त्यांना चहा पाजला, यार्डातल्या गुळाच्या भावाबद्दल जरा गप्पा मारल्या. अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं. कोश सैल, वृषण दोन्ही जागेवर, आकारानं सारखे. डावीकडे अधिवृषणाचं डोकं हाताला लागत होतं, त्याच्या खालचा भाग मात्र नव्हता. आणि नळी नव्हतीच.

आमच्याकडच्या ज्येष्ठ सर्जनना बोलावलं. त्यांनी हातमोजे घातले, डोळे मिटून दोन मिनिटं चाचपलं आणि मला म्हणाले, "खालचं सोड. किडन्या बघ."

एवढंच बोलून ते परत ओपीडीत गेले. त्यांना एवढंच पुरतं.

यामागचं शास्त्र कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात आणि परीक्षेनंतर बहुतेक जण विसरतात. गर्भात दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, वोल्फियन नलिका. मुलाच्या गर्भात पुढे तिचीच अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि वीर्यकोश होतात. मुलीच्या गर्भात ती विरून जाते. पण त्याआधी, साधारण पाचव्या आठवड्यात, याच नलिकेच्या खालच्या टोकाला एक कोंब फुटतो. त्या कोंबाची मूत्रवाहिनी होते, आणि तोच भोवतालच्या पेशींना किडनी घडवायला लावतो. एखाद्या बाजूची नलिका तेव्हाच बिघडली तर कोंब फुटत नाही, किडनी बनत नाही आणि त्या बाजूची शुक्रवाहिनीही नाही. वृषणाचा उगम वेगळा, म्हणून तो बाहेरून ठणठणीत दिसतो. एका बाजूची शुक्रवाहिनी नसलेल्या प्रत्येकाची किडनी गायब असते असं नाही, बिघाड उशिरा झाला तर किडनी आधीच तयार झालेली असते. पण बघायला हवं.

सोनोग्राफीला मी स्वतः बरोबर गेलो. उजवी किडनी ठसठशीत, तेरा सेंटिमीटर, एकटीच दोघींचं काम करणारी असते तशी वाढलेली. डावीकडे प्लीहा दिसली, आतडी दिसली, किडनीच्या जागी काही नाही. मूत्राशयामागे डावा वीर्यकोशही दिसेना. आमच्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी खाली कुठे सरकलेली किडनी आहे का म्हणून ओटीपोटही चाळलं. नव्हती.

सांगताना मला वाटलं होतं ते कोसळतील. ते म्हणाले, "मग अर्धंच काम राहिलं की तुमचं. पैसे पण अर्धेच मिळणार का?" बायको तोंडाला पदर लावून हसली. मी सांगितलं, अनुदान पूर्ण मिळेल, काम मात्र खरंच अर्धं आहे.

मग तिनंच विचारलं, "ह्यांच्या गोळ्या चालतील का?" कसल्या गोळ्या? तिनं पिशवीतून पाकीट काढलं. डायक्लोफेनॅक. पाठीसाठी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय, हंगामात रोज दोन, कधी तीन. दोन किडन्या असलेल्या माणसानंही अशा गोळ्या वर्षानुवर्षं खाऊ नयेत. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात, त्यात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेला हमाल, आणि राखीव किडनी नाही. मला त्या दिवशी धडकी भरली ती रिकाम्या जागेनं नाही, या पाकिटानं. रक्तदाब आणि लघवी लगेच तपासली, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनसाठी रक्त पाठवलं. क्रिएटिनिन १.१ आलं, लघवीत प्रथिनं नव्हती. सुटलो.

दुपारी ऑपरेशन झालं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चीनच्या ली शुनचियांग यांनी १९७४ साली काढलेली ही बिनटाक्याची पद्धत. भूल कातडीपुरती, एक टोचा, कडीच्या चिमट्यात नळी धरायची, छोटा तुकडा काढायचा, टोकं बांधायची. एकच बाजू असल्यानं चहा गार व्हायच्या आत आटोपलं. तीन महिने निरोध वापरा, मग वीर्य तपासायचं, कारण बांधलेल्या जागेच्या पुढे साठलेले शुक्रजंतू संपायला वेळ लागतो, हे बायकोसमोर दोनदा बजावलं. केस पेपरवर लाल शाईनं मराठीत लिहिलं: जन्मतः एकच किडनी, उजवी. दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन. त्यांनी त्याचं लॅमिनेशन करून घेतलं.

तीन महिन्यांनी वीर्यात एकही शुक्रजंतू नव्हता. गोळ्या बंद होत्या, पाठीसाठी शेक आणि पट्टा चालू होता. मुलांचीही सोनोग्राफी करून घेतली होती. दोघांना दोन-दोन.

बरोबर यार्डातलाच एक जोडीदार होता, जरा मागे उभा. "ह्याला तुम्हीच समजवा साहेब," आमचे हमाल वैतागून म्हणाले. "सोनोग्राफी आधी झाली, ऑपरेशन नंतर, शंभरदा सांगितलं. पण यार्डात सगळे म्हणतात, नसबंदीच्या नावाखाली दवाखान्यानं किडनी काढली."

मी चित्र काढायला केस पेपर उलटा केला, तर जोडीदार म्हणाला, "ते चित्र राहू द्या. आधी माझ्या मोजा."

मोजल्या. दोन होत्या. रिपोर्टवर सही-शिक्का घेऊन त्याची झेरॉक्स आशाताईंकडे ठेवायला दिली, मगच तो टेबलावर चढला.