भोरड्या आल्या बरं का

डिसेंबर लागला. सोलापुरात थंडी पडते म्हणलं की पुण्याची मित्रमंडळी हसतात, हसू देत. ऑक्टोबर हीटमध्ये आपण इथं घामाघूम असतो तेव्हाच पाहुणे पक्षी यायला सुरुवात झालेली असते, यंदा पण गणपती गेल्यावर थोड्याच दिवसांत भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, दिसल्या आणि दसऱ्यानंतर कंबर तलावाच्या काठाला धोबी पक्षी शेपूट हलवत फिरायला लागले, वॉकिंगवाल्यांचं लक्ष मोबाईलमध्ये.

पण खरी मजा सोलापूरजवळच्या नान्नजला. लोक तिथं जातात, माळढोक पक्षी दिसला नाही की "काहीच नाय ओ, नुसतं गवत" म्हणून परत. अभयारण्य १९७९ सालचं, माळढोकच्याच नावाचं, आणि आता तोच दिसणं मुश्किल, हे वाईट आहेच. पण ते "नुसतं गवत" दिवाळीनंतर पिवळं पडतं ना, तेव्हा संध्याकाळी जाऊन बघा. भोवत्या येतात, म्हणजे हॅरियर, पार कझाकस्तानच्या बाजूनं, आणि गवताला पोट घासेल इतक्या खालनं, पंख वर धरून तरंगत नाकतोडे शोधत फिरतात. एवढा मोठा शिकारी पक्षी आणि झोपतो कुठं तर जमिनीवर, गवतात! माळ नांगरला, झाडं लावून "हिरवा" केला, तर ह्यांनी उतरायचं कुठं? सरकारी कागदावर पडीक लिहिलं की आपल्याला पण पडीकच दिसतं.

काळवीटं भरपूर, बार्शी रोडवरनं पण दिसतात, काळा नर एका जागी ठाण मांडून उभा आणि माद्या आपल्या चरतायत. लांडगा काय दिसला नाही, पायवाटेच्या धुळीत ठसे होते, कुत्र्याचे पण असतील म्हणा, पण तिथला धनगर छातीठोक सांगत होता लांडगाच.

तिथनं मामाच्या रानात. ज्वारी निसवलीय, कणसात दूध भरतंय आणि वरनं भोरड्यांचा थवा, हजारोंनी, एकदम वळतो, फाटतो, परत एक होतो, मी व्हिडिओ काढतोय आणि मामा पत्र्याचा डबा बडवत शिव्या घालतोय. मी म्हणलं, मामा, ह्या किडे पण खातात की, नाकतोडे खातात. तर म्हणे, "खाऊ देत की किडे, कणसं कशाला खातेत? तुला हुरड्याला मोकळी ताटं देतो मग."

बरोबर आहे त्याचं पण.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी उजनीला जायचंय, रोहित म्हणजे फ्लेमिंगो आणि पट्टकदंब, डोक्यावर पट्टे असलेले हंस, बघायला. मामाला म्हणलं चल की एक दिवस, तर म्हणाला, "आणि राखण कोण करणार, तुझा माळढोक?"