डाग पडले म्हणून ऊन वाढलं का?

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. 2024 च्या अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, 9 मे ला, ग्राउंडवर फिल्टर लावून दुर्बीण ठेवली होती, मुलांना सूर्यावरचे डाग दाखवायला. त्या आठवड्यात डागांचा एक जबरदस्त गट आला होता, पृथ्वीच्या साधारण 15 पट रुंद, नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसायचा.

एका मुलीला सोडायला तिचे आजोबा आले होते, शेतकरी माणूस, त्यांनी पण डोळा लावला आणि विचारलं, "सर, एवढे डाग पडलेत म्हणूनच ऊन वाढलंय ना? सूर्यच तापलाय, मग धुराला कशाला दोष?"

प्रश्न अगदी रास्त होता. डाग वाढले की सूर्य खरंच थोडा जास्त तळपतो, कारण डाग काळे असले तरी त्यांच्या आसपासचे झळाळते भाग त्याची भरपाई करून वर जास्तीचं देतात. पण किती, तर चौरस मीटरला 1361 वॅट येतात त्यात 11 वर्षांच्या चक्रात जेमतेम 1 वॅटचा फरक. मी वहीत दोन रेघा काढल्या. उपग्रह 1978 पासून सूर्य मोजतायत, ती रेघ वरखाली होत तिथंच राहिलीय, उलट जराशी उतरलीय, आणि तापमानाची चढतेच आहे. डिसेंबर 2019 ला सूर्य एकदम शांत, म्हणजे जवळपास बिनडागाचा होता आणि लगेचचं 2020 साल नासाच्या नोंदीत 2016 च्या बरोबरीनं तोवरचं सगळ्यात उष्ण!

आजोबा बराच वेळ वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या अंगणात उन्हाळ्यात पण पहाटे गोधडी लागायची, आता रात्रभर घाम. रात्री कुठला आलाय सूर्य?"

मी चकितच झालो, कारण मी नेमका तिकडेच येणार होतो. रात्री उष्णता बाहेर पडायला पाहिजे ती अडतेय. आणि सूर्यामुळे असतं तर हवेचा वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, पण तापला असता, तो तर थंड होत चाललाय. धुरातून येणारा, उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेच्या दर दहा लाख भागांत 280 वरून 420 च्या वर गेला की असंच होणार.

"मग तो वायू दाखवा की दुर्बिणीतून," आजोबा म्हणाले.

तो दिसत नाही, मोजावा लागतो, हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून मोजतायत, असं सांगितलं. नातीनं 1958 वहीत लिहून घेतलं आणि आजोबा परत रांगेत जाऊन उभे राहिले, डाग अजून एकदा बघायला.