झेब्रानोच्या रेघा

गाडी १९९६ सालची, ई २५० डिझेल. मर्सिडीजने डब्ल्यू १२४ ची, म्हणजे या मॉडेलची, जुळणी १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात सुरू केली, त्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी आमची. आम्ही पिंपरीजवळच्या प्राधिकरणात राहतो, म्हणजे जिथे जोडली गेली तिथून फार लांब ती गेलेलीच नाही. ह्यांनी २००४ मध्ये सेकंडहँड घेतली. इंजिनाचं सगळं हे बघतात. लाकूड मात्र मी मागून घेतलं. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्या पिवळ्या तडकलेल्या थराकडे नुसतं बघत बसणं मला जमेना.

गिअरभोवतीची पट्टी आणि राखदाणीचं झाकण, दोन्ही झेब्रानोचं. पश्चिम आफ्रिकेतलं, कॅमेरून-गॅबॉनकडचं झाड. फिकट सोनेरी अंगावर गडद तपकिरी सरळ रेघा. आमच्या पट्टीवर त्या रेघा दिसतच नव्हत्या, वर दुधाळ साय आली होती. दोघा-तिघांनी सांगितलं, लाकडी डिझाइनचा स्टिकर लावून टाका, हजारभरात काम होईल. मला ते अजिबात पटलं नाही. खरं लाकूड खाली असताना त्यावर लाकडाचं चित्र कशाला चिकटवायचं?

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ एक पॉलिशवाले काका बसतात. त्यांनी पट्टी हातात घेतली, तिरकी धरली आणि म्हणाले, "बाई, लाकूड नाही गेलं. वरची काच गेली."

अगदी तसंच होतं. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं लॅकरमधले, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत थरातले, बंध तोडतात, थर कडक आणि ठिसूळ होतो. गाडी उन्हात तापली की खालचं लाकूड आणि वरचा थर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, मग बारीक भेगा पडतात. भेगांत हवा शिरते, प्रकाश विखुरतो, आणि आपल्याला वाटतं लाकूडच पांढरं पडलं. राखदाणी काढल्यावर चौकटीखाली दबलेली एक बारीक कड दिसली. तिथला रंग जुन्या मधासारखा होता. मला तोच हवा होता.

काढताना स्क्रू आणि क्लिपा मी आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवल्या. सोमवारच्या कप्प्यात राखदाणी, मंगळवारच्या कप्प्यात काचांच्या बटणांची पट्टी. बटणांच्या वायरींचे आधी फोटो काढले. हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली की प्लॅस्टिकचे कान तुटतात.

लॅकर काढायला पेंट रिमूव्हर वापरला नाही. त्यातल्या डायक्लोरोमिथेनच्या वाफा घरात नकोतच. हीट गन कमी आचेवर, थोडी लांबून, आणि जुन्या एटीएम कार्डाची कड. थर मऊ झाला की नखाएवढे कपचे निघत. जास्त तापवलं तर व्हिनिअरखालचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याखालचा, गोंदही सुटतो, म्हणून दर मिनिटाला थांबून बोट लावून बघायचं. दोन तुकड्यांना तीन दुपारी गेल्या.

मग पॉलिश पेपर, २४० पासून. व्हिनिअर अर्धा-पाऊण मिलिमीटरचंच असतं. डावा कोपरा माझ्याकडून जास्त घासला गेला आणि खालचा फिका थर वर आला, चण्याच्या डाळीएवढा. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी स्पिरिट स्टेनमध्ये शून्य नंबरचा ब्रश बुडवून शेजारच्या तीन रेघा मी हाताने पुढे नेल्या. श्वास रोखून.

वरून काय मारायचं, यावर काकांचं नि माझं जमलं नाही. त्यांचं मन चपड्याच्या पॉलिशवर. लाखेसारखी ऊब दुसऱ्या कशालाच नाही, हे मलाही मान्य. पण पुण्याच्या उन्हात बंद गाडी साठ अंशांच्या पुढे जाते, चपडा त्या सुमारास मऊ होऊ लागतो. शिवाय तो स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि आमच्या गिअरशेजारी सॅनिटायझरची बाटली कायम असते. एक थेंब पुरे. म्हणून दोन भाग मिसळून लावायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, घेतला. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना वाईट. कापडी मास्क चालत नाही, ऑरगॅनिक वाफांचा कार्ट्रिजवाला लागतो, आणि काम गच्चीवरच करायचं. ज्यांना दमा आहे त्यांनी हे दुसऱ्याकडून करून घ्यावं.

आठ हात, चार दिवसांत, एप्रिलमध्ये. दमट हवेत हार्डनर पीयूच्या दुसऱ्या भागाऐवजी पाण्याच्या वाफेशी जुळतो आणि बुडबुडे येतात, म्हणून पावसाआधीच. तीन आठवडे हात लावला नाही. मग साबणाच्या थेंबाचं पाणी घेऊन ६०० पासून २००० पर्यंत पेपर, आणि शेवटी रबिंग कंपाउंड.

पट्टी बसवल्यावर ह्यांनी दार उघडलं, बसले, काहीच बोलले नाहीत. गिअरवरचा हात उचलून अंगठ्याने डावा कोपरा पुसला. कुठल्या रेघा माझ्या, ते त्यांना सापडलं नाही.

रेडिओभोवतीचा तुकडा अजून बाकी आहे. पाऊस लागला, आता तो दिवाळीनंतर.