तिसरा डोस आणि दहा माणसं

माझा कोविड लसीचा दुसरा डोस सप्टेंबर २०२१चा. बूस्टरला, म्हणजे सरकारी भाषेत 'प्रिकॉशन डोस'ला, तेव्हा नऊ महिन्यांचं अंतर लागायचं. जूनमध्ये पात्र झालो, पण आमच्या वयाला तो खासगीतच. लस २२५ रुपये, वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क. पैशांचं काही नव्हतं हो, पण 'फुकट होईल की' म्हणून थांबलो. झालंही! १५ जुलै २०२२पासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर मोफत.

मग हाफ डे टाकून गेलो. बाकावर आम्ही तिघंच. सिस्टर म्हणाल्या, "दहा जण जमले की व्हायल, म्हणजे दहा डोसांची कुपी, फोडते. एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, दादा." बाई चुकीचं बोलत नव्हत्या. बारापर्यंत पाच जण झालो. त्यातले एक काका भाजीची पिशवी सावरत उठले, "परत चार झालात बघा," म्हणून निघून गेले. पाठोपाठ मीही.

पुढच्या खेपेला दुपारच्या जेवणाची सुट्टी. नंतर गणपती आले. दुसऱ्या डोसनंतर दोन दिवस अंग मोडून आलं होतं, ते सणात कोण ओढवून घेणार?

आईने मात्र एप्रिलमध्येच घेतला होता. शेजारच्या सहा बायकांना सोबत नेऊन.