सायकलचा पंप: आधी अंगठा, मग पाना

पंप खोलण्याआधी मी नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने दांडा खाली रेटतो. बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा एवढ्यातच कळतं. दांडा लोण्यात सुरी जावी तसा तळाला गेला, तर आतला चामडी वायसर सुकलाय, फाटलाय किंवा उलटा बसलाय. दांडा जड लागतो पण कुठेतरी फुस्स ऐकू येतं, तर नळी किंवा तिचा सांधा. आणि पंप चाकाला लावलेला असताना हात सोडल्यावर दांडा आपोआप वर येत असेल, तर तळाची झडप हवा परत सोडतेय.

मी दुरुस्त करतो तो आपल्याकडचा नेहमीचा उभा पंप: लोखंडी नळा, पाय ठेवायला दोन बाजूंना पट्ट्या, वर आडवी मूठ. माझ्या पंपाच्या नळ्याचा आतला व्यास ३२ मिमी आहे आणि दांड्याची चाल सुमारे ४५ सेमी. म्हणजे एका दट्ट्यात साधारण ३६० घनसेंमी हवा जाते. २८ × १½ इंची टायरचं पूर्ण बसलेलं चाक ४५ पौंड दाबापर्यंत भरायला हिशेबाने वीसेक दट्टे लागतात, प्रत्यक्षात २५ ते ३०. हा आकडा मी पंपाच्या पट्टीवर रंगाने लिहून ठेवलाय. तो चाळिशीकडे गेला की वायसरला तेल द्यायची वेळ झाली.

नळ्याच्या वरची टोपी आट्यांची असते. गंजून अडकली असेल तर आट्यांवर रॉकेलचे चार थेंब सोडून तासभर थांबतो, मग टोपीला फडकं गुंडाळून पान्याने फिरवतो. पक्कड फक्त टोपीला लावायची, नळ्याला कधीच नाही. नळ्याचा पत्रा पातळ असतो. त्याला एकदा पोचा पडला की प्रत्येक फेरीत वायसरची कड तिथे घासते, आणि तो पोचा आतून निघत नाही. टोपीत दांड्याभोवती जी फट किंवा भोक असतं ते बुजवू नका, पंप तिथूनच श्वास घेतो.

दांडा बाहेर आला की टोकाला नट, धातूची चकती, वाटीच्या आकाराचा चामडी वायसर, त्यामागे दुसरी चकती असा क्रम दिसतो. सोडवण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवतो. वाटीचं तोंड खाली, म्हणजे हवा दाबली जाते त्या बाजूला असलं पाहिजे. सगळं काम त्या कडेवर आहे. दांडा खाली जाताना दाबलेली हवा वाटीत शिरते आणि कड नळ्याला चिकटवते, जितका दाब जास्त तितकी कड घट्ट. दांडा वर ओढला की कड सैल पडते आणि वरची हवा तिच्या बाजूने खाली उतरते. म्हणून वाटी उलटी बसली तर पंप कितीही मारा, चाकात काही जात नाही. नवा वायसर टाकूनही पंप चालत नाही म्हणून आणून दिलेल्या पंपांत मला ही चूक सर्वांत जास्त दिसते.

जुना वायसर लगेच टाकून देऊ नका. बोटांनी वाकवून बघा. कडेला चीर नसेल, चामडं फक्त कडक झालं असेल, तर वाटीभर एरंडेलात रात्रभर बुडवून ठेवतो. सकाळी तो बाहेर काढून अंगठ्याने कड चोळत बाहेरच्या बाजूला उघडतो. मोकळ्या वायसरची कड नळ्यापेक्षा एक-दोन मिमी मोठी असली की तो चालतो. एरंडेल चामड्याला मुरतं आणि रबरालाही त्रास देत नाही. खोबरेल अडीअडचणीला ठीक, पण थंडीत थिजतं. इंजिनचं ऑइल मी वापरत नाही, ते हवेबरोबर ट्यूबमध्ये जातं आणि रबर फुगवतं. रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे तर वायसरला अजिबात नाही, त्याने चामड्यातलं तेलच निघून जातं आणि आठवड्याभरात ते पुन्हा पापडासारखं होतं.

चीर असेल तर सायकलच्या दुकानात ‘पंपाचा चामडी वायसर’ मागायचा, जुना नमुना सोबत न्यायचा. मापाचा मिळाला नाही तर मी घरी करतो. चपला शिवणाऱ्याकडून २ ते २.५ मिमी जाडीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं घ्यायचं. पर्सचं मऊ क्रोम चामडं आकार धरत नाही. ३२ मिमीच्या नळ्याला सुमारे ४५ मिमीची गोल चकती कापतो, मधे दांड्याच्या जाडीचं भोक. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं. कढत पाणी नको, चामडं आकसतं. मग तेवढ्याच व्यासाच्या पाइपच्या तुकड्यात लाकडी ठोकळ्याने दाबून बसवायचं आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यायचं. नंतर कड धारदार पात्याने सारखी करून एरंडेल पाजायचं.

वायसर वाळेपर्यंत नळा साफ होतो. काठीला फडकं गुंडाळून, रॉकेलात ओलं करून जुनं चिकट तेल काढतो, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसतो. कोकणात, घाटावरही पावसाळ्यात आत हलका गंज धरतो, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. दांड्याचा नट आवळताना वायसर हलणार नाही एवढाच आवळा. जास्त आवळला की वाटी चपटी होते आणि कड आत वळते. दांडा घालताना थोडा तिरका धरून गोल फिरवत, आत न जाणारी कड चमच्याच्या दांड्याने ढकलायची. स्क्रू ड्रायव्हरने नको, एका ओरखड्यात वायसर जातो.

झडप तळाशी, नळी जिथे जोडलेली असते तिथे. नळी सोडवली की आत छर्रा आणि स्प्रिंग, किंवा नुसती रबराची चकती असते. बहुतेकदा फक्त चामड्याचा भुगा अडकलेला असतो, पुसला की काम झालं. छर्रा गंजून खडबडीत झाला असेल आणि मापाला पाव इंची असेल, तर मागच्या चाकाच्या ॲक्सलचा छर्रा चालतो.

नळी दोन्ही टोकांना, वाकते तिथेच तडकते. साबणाचं पाणी लावून दाब दिला की बुडबुडे जागा दाखवतात. तेवढं टोक कापून, नळी गरम पाण्यात मऊ करून पुन्हा चढवायची आणि क्लिप आवळायची. तार गुंडाळू नका, ती नळीत रुतते. नळीच्या टोकाला, व्हॉल्व्हवर बसणाऱ्या चिमट्यातलं रबर एका बाजूने झिजलं असेल तर उलटून बसवतो, वर्षभर निघतं.

हे सगळं करूनही हवा टिकत नसेल तर पंप सोडा आणि व्हॉल्व्ह काढून वालट्यूब, म्हणजे त्याच्यावर चढवलेली बारीक रबरी नळी, बघा. ती मऊ, चिकट झाली की पंपाचा काही दोष नसतो. वालट्यूबच्या चाकावर पंपाचा मीटर नेहमी थोडा जास्त दाब दाखवतो, कारण ते रबर उचलायलाच काही दाब लागतो. म्हणून टायर अंगठ्याने दाबूनही बघावा.

रेसिंगच्या बारीक टायरला ९० पौंड भरायचे असतील तर हा पंप नको. ३२ मिमीच्या नळ्यात तेवढ्या दाबाला शेवटी पन्नास किलोहून जास्त भार मुठीवर टाकावा लागतो. त्यासाठी बारीक नळ्याचा पंप घ्यावा. दट्टे जास्त मारावे लागतात, पण हात वाचतात.

तेलाची वेळ मी उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळा संपल्यावर, अशी दोनदा ठरवली आहे. टोपी उघडून एरंडेलाचे पाच-सहा थेंब नळ्यात सोडायचे, नळी चाकाला न लावता दहा दट्टे मारायचे, तोंडातून उडालेलं तेल फडक्यावर घ्यायचं. मग दांडा पूर्ण खाली करून पंप उभा ठेवायचा.