एक टक्का सवलतीचा हिशेब मागताना

बहिणीने अमळनेरला स्वतःच्या नावावर २४ लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळाली, २४ हजार वाचले. घर बाईच्या नावावर घेतलं की १ एप्रिल २०२१ पासून राज्यात ही सवलत आहे. खरेदीखत एका सकाळीच उरकलं. पण मला वाटत राहिलं, या सवलतीमुळे आपल्या जिल्ह्यात बायकांच्या नावावर घरं वाढली का? आणि शासनाने महसूल किती सोडला? केंद्र सरकार करसवलतींपायी सोडलेल्या महसुलाचं विवरण २००६-०७ च्या बजेटपासून मांडतं. इथलंही कुणी मोजत असेल, म्हणून नोंदणी व मुद्रांक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मजकूर दीडशे शब्दांच्या आत.

मुदत तीस दिवसांची. चौतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही. भर मे महिन्यात एसटीने तीन खेपा मारल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा संबंधित बाई रजेवर. तिसऱ्यांदा टेबलावरून ऐकलं, "ताई, असं कोणी विचारत नाही." अहो, सवलत लोकांच्या पैशातून दिली जाते, मग विचारायचं कोणी?

बाहेर पडले तर मुद्रांक विक्रेते काका म्हणाले, "काय व्हयनं, ताई?" त्यांनी अर्ज वाचला आणि चूक दाखवली. "परिणाम काय झाला असं विचारलं की ते नाहीच म्हणतील. वरच्या ऑफिसला दर महिन्याला पत्रक जातं ना, त्याची झेरॉक्स मागा."

खरंच तसं आहे. जे कागदावर आहे तेच द्यायला ते बांधील असतात, तुमच्यासाठी नवा तक्ता बनवायला नाही. नवा अर्ज टाकला, आणि जुन्या उत्तरावर पहिलं अपीलही केलं. अपिलाला वीस रुपयांचं तिकीट लागतं, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करायचं. त्यात कलम ४(१)(ख) लिहिलं. ज्यांना सवलती दिल्या त्यांचा तपशील कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचा असतो, हे त्यात स्पष्ट आहे. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी ते कलम मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

हो, राहिलंच: अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माझे चौतीस दिवस त्या शिक्क्यावरूनच सिद्ध झाले.

अठरा पानं मिळाली, दोन रुपये पानाप्रमाणे ३६ रुपये. दस्तांची संख्या आणि शुल्क सगळीकडे आहे. महिलांच्या सवलतीचे आकडे मात्र फक्त सहा महिन्यांचे. बाकीच्या महिन्यांसाठी राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील करते आहे. नव्वद दिवसांची मुदत आहे, मसुदा लिहून झाला आहे.